दोनचा आकडा

सकाळी आठ वाजता चार नंबरच्या खाटेवरचा आकडा दोन पूर्णांक एक होता. नऊ वाजता दोन होता. साडेनऊला आवळे मॅडमचं अंग पुसून त्यांना डाव्या कुशीवर वळवलं, तेव्हा त्यांनी भारती ऐनापुरेचं मनगट असं काही पकडलं, की घड्याळाच्या पट्ट्याचं बक्कल कातडीत रुतलं. आकडा दोन पूर्णांक दोन झाला आणि मिनिटभरात पुन्हा दोनवर येऊन बसला.

"आली जागेवर," भारती पुटपुटली. "बस आता जेवणापर्यंत."

हे ती मॅडमना म्हणाली नव्हती. मॅडमच्या कपाळावर चिकटवलेल्या बोटभर पट्टीला म्हणाली होती. कंपनीनं त्या पट्टीला 'वेदनादर्शक' असं भारदस्त नाव दिलं होतं, पण मिरजेच्या त्या कर्करोग रुग्णालयात वृद्धांच्या वॉर्डातल्या सगळ्या सिस्टर तिला दोनताई म्हणत. बारसं त्यांच्यातल्याच शकीला मुजावरनं केलं होतं.

दोनताई येऊन आठ महिने झाले होते. आली तेव्हा सगळ्यांनी तिचं कौतुकच केलं होतं, आणि त्यात भारती सगळ्यांत पुढे होती. "अगदी आपल्यासारखंच सांगते गं," असं ती पहिल्या आठवड्यात शकीलाला म्हणाली होती. हे वाक्य पुढे तिला फार महागात पडायचं होतं.

दुखणं हा वैद्यकातला मोठा अडचणीचा प्रकार. ताप पाऱ्याला कळतो, रक्तातली साखर थेंबाला कळते, हाडातली गाठ फोटोत दिसते. पण किती दुखतंय हे सांगणारं साधन कित्येक वर्षं एकच होतं, ज्याला दुखतं तो माणूस. त्याला विचारायचं, शून्य म्हणजे अजिबात नाही आणि दहा म्हणजे सहन होत नाही, तर तुमचा आकडा कुठला? माणूस सांगायचा, सिस्टर लिहायची, डॉक्टर औषध द्यायचे. पण ज्याची स्मृती गेली, ज्याला दहा म्हणजे काय आणि दुखणं म्हणजे काय हेच जुळवता येत नाही, त्याला काय विचारणार? असे रोगी वाढत चालले होते. माणसं नव्वदीपर्यंत जगू लागली, तसा कर्करोग आणि स्मृतिभ्रंश एकाच खाटेवर मुक्कामाला येऊ लागले.

त्यावर हा उपाय निघाला होता. कपाळावरची पट्टी भुवयांच्या आणि डोळ्यांभोवतालच्या बारीक स्नायूंची हालचाल टिपायची, घाम मोजायची, नाडीतला चढउतार आणि कपाळामागच्या मेंदूतल्या विजेच्या लहरी वाचायची. हे सगळं एकत्र करून ती दर मिनिटाला एक आकडा सांगायची. खाटेला बांधलेला मॉर्फिनचा पंप त्या आकड्याला जोडलेला होता. आकडा चार झाला की पंप उघडणार, त्याखाली नाही. मॉर्फिन हे कुलपातलं औषध, त्याचा थेंब न् थेंब सरकारला दाखवावा लागतो. त्यामुळे किल्ली माणसाच्या हातात नसलेली बरी, असं सगळ्यांनाच वाटत होतं. सिस्टरला आठवड्यातून दोनदा स्वतःच्या अधिकारात पंप उघडता यायचा. भारतीनं या आठवड्याचे दोन्ही मंगळवारीच वापरून टाकले होते, आणि बुधवारी तिला त्याबद्दल खुलासा मागणारं पत्र आलं होतं.

आज गुरुवार होता.

मार्था आवळे ही बाई चौतीस वर्षं नर्स होती आणि त्यातली शेवटची बारा वर्षं मेट्रन. भारती एकविसाव्या वर्षी, दोन वेण्या वर बांधून त्यांच्या हाताखाली आली, तेव्हा सबंध मिरजेत मॅडमचा दरारा होता. चादरीचा कोपरा नीट दुमडला नाही तर त्या सगळी खाट उचकटायच्या. त्यांचे दोन नियम होते. पहिला, सिस्टरच्या चेहऱ्यावरून रोग्याला काहीही कळता कामा नये. दुसरा, दुखतंय का असं म्हाताऱ्या माणसाला विचारायचं नाही, कारण ते नाहीच म्हणणार. त्याला कुशीवर वळवायचं आणि हात बघायचा. हात कशाला तरी धरतो की नाही ते बघायचं.

आता त्या चौऱ्याऐंशी वर्षांच्या होत्या. स्तनाचा कर्करोग मणक्यात आणि उजव्या खुब्यात उतरला होता. नावं गेली होती, वर्षं गेली होती, मुलगा अधूनमधून असायचा. पहिला नियम मात्र शाबूत होता. चेहरा इस्त्री केल्यासारखा. आणि वळवलं की त्यांचा हात जवळ असेल त्याचं मनगट पकडायचा, बोटं बरोबर नाडीवर जायची, नजर छातीवर डाव्या बाजूला जायची, जिथे पूर्वी त्यांचं घड्याळ उलटं टाचलेलं असायचं. ओठ हलू लागायचे. एक, दोन, तीन. वीस-पंचवीसच्या पुढे कुठेतरी आकडा हरवायचा आणि त्या पुन्हा एकपासून सुरू करायच्या. दुखणं जितकं वाढेल तितकी पकड घट्ट. हाताच्या काकणाला आरसा कशाला हवा होता? पण दोनताई म्हणत होती दोन, आणि दोनताई म्हणेल ते खरं.

अकरा वाजता मॅडमचा मुलगा विनय आला. तो इस्लामपूरला शाळेत शिकवायचा आणि सुट्टी टाकून दर दोन दिवसांनी यायचा. माणूस चांगला होता, हीच पंचाईत होती. वाईट असता तर भारतीनं त्याला एका वाक्यात गार केलं असतं. त्याच्या फोनवर आईचा आकडा तासातासाला यायचा, आणि तो त्याचा आलेख काढून ठेवायचा, अगदी सरळ रेघेसारखा. भारतीनं त्याला सांगितलं की आईंना दुखतंय, खूप दुखतंय, तुम्ही डॉक्टरांकडे लेखी मागणी करा. त्यानं फोन पुढे केला. मग जरा ओशाळून म्हणाला की मॉर्फिन दिलं की आई दिवसभर झोपते, आणि जागी असते तेव्हाच कधीतरी त्याला ओळखते.

"मागच्या आठवड्यात मला विन्या म्हणाली, सिस्टर. दोन वर्षांनी."

भारतीनं मॅडमची चादर उगाचच सारखी केली आणि स्वतःवरच चिडली. त्या चिडीतच ती डॉक्टर शिरगुप्पेंच्या खोलीत शिरली.

शिरगुप्पे तिचं ऐकून घेत, नेहमीच घेत, आणि ऐकून झालं की हात जोडल्यासारखे करत. तुमच्या अनुभवावर माझा विश्वास आहे, ते म्हणाले, पण नियमावर माझी सही आहे. यंत्राची परीक्षा झालेली आहे, शंभरातल्या शहाण्णव वेळा त्याचा आकडा अनुभवी सिस्टरच्या आकड्याशी जुळतो. त्याला खोटं ठरवायचं तर पुरावा पाहिजे. तोवर रोगी फार बेचैन असेल तर शांत करणारी गोळी आहेच, यंत्रानंच सुचवली आहे.

दुखतंय खुब्यात आणि गोळी डोक्याला. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. भारतीनं हे तोंडावर म्हटलं नाही, पण दार जरा जोरात लावलं.

पुरावा पाहिजे ना, मग तिनं पुरावा गोळा केला. पुढचा आठवडाभर जेवणाच्या यादीच्या मागच्या कोऱ्या बाजूला ती आकडे उतरवत राहिली. वॉर्डात दहा रोगी होते. त्यातल्या सहांची स्मृती ठीक होती आणि त्यांचे आकडे वर-खाली व्हायचे; भोकरे आजींचा तर ड्रेसिंगच्या वेळी सातवर जायचा आणि पंप लगेच उघडायचा. उरलेल्या चौघांना स्मृतिभ्रंश होता. त्या चौघांचा आकडा सबंध आठवड्यात एक पूर्णांक आठच्या खाली गेला नाही आणि दोन पूर्णांक तीनच्या वर आला नाही. त्यातल्या एका आजोबांचं कोपर खाटेच्या दांडीवर सणकून आपटलं, ते कळवळून ओरडले, तरी दोन.

हे कागद बघता बघता भारतीच्या मनात एक शंका आली. ही बया चेहरा बघते तरी का?

शनिवारी दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत तिनं शकीलाला साहित्यखोलीत नेलं, एक कोरी पट्टी स्वतःच्या कपाळाला चिकटवली आणि टॅबवर स्वतःच्या नावानं नोंद उघडली. मग डाव्या हाताचं बोट पुढे करून शकीलाला सांगितलं, नखावर पेन ठेव आणि दाब. बेशुद्ध रोग्याची जाणीव तपासायची ही जुनी पद्धत, दोघींना पाठ. तीस वर्षांच्या मैत्रीत एकमेकींवर चिडायचे प्रसंग बरेच आले होते, तेव्हा शकीलानं अगदी मनापासून दाबलं. आकडा पाच पूर्णांक आठ.

मग भारतीनं स्वतःची नोंद बंद केली आणि त्याच पट्टीवर मार्था आवळे यांची नोंद उघडली. कपाळ तेच, बोट तेच, दाबणारी तीच.

"दाब."

"अगं, रक्त साकळलंय आधीचंच."

"दाब म्हणते ना."

शकीलानं दाबलं. भारतीच्या डोळ्यांतून पाणी आलं. आकडा दोन पूर्णांक एक.

यंत्र चेहरा बघत होतं, घाम मोजत होतं, सगळं करत होतं. आणि शेवटी नोंदीत 'स्मृतिभ्रंश' हा शब्द दिसला की ते सगळं बाजूला ठेवून दोन सांगत होतं. जेवणाचा डबा तसाच राहिला. भारतीला वाटलं, जिंकलो.

तिनं कंपनीला सविस्तर लिहिलं. सोमवारी पुण्याहून रेवती नावाच्या इंजिनियर मुलीचा फोन आला. पडद्यावर दिसत होती तिशीची, हुशार आणि अतिशय नम्र, इतकी नम्र की भारतीला तिच्यावर चिडायलाही जागा सापडेना. तिनं भारतीचा प्रयोग स्वतः करून बघितला होता आणि तो खरा निघाला होता. पण ही बिघाडाची गोष्ट नाही, ती म्हणाली. यंत्र बरोबर शिकलं आहे.

तिनं मग नीट समजावून सांगितलं. असं यंत्र कोणी आकडे पढवून तयार होत नाही. त्याला लाखो उदाहरणं दाखवावी लागतात. इथे एक चेहरा, ही त्याची नाडी, हा त्याचा घाम, हा त्याचा आजार, आणि त्या वेळी शेजारी उभ्या असलेल्या सिस्टरनं लिहिलेला हा आकडा. तो आकडा म्हणजे उत्तर. अशी उदाहरणं बघून बघून यंत्र स्वतःच ठरवतं की कशाला किती महत्त्व द्यायचं. शाळेतल्या मुलासारखंच असतं ते, रेवती म्हणाली, सोपा रस्ता दिसला की तोच धरतं. स्मृतिभ्रंशाच्या रोग्यांपुढे उत्तर जवळजवळ नेहमी दोनच असेल, तर चेहरा बघायचे कष्ट ते कशाला घेईल? आणि नंतर परीक्षा घेतली तीही सिस्टरनी भरलेल्या त्याच तक्त्यांवरून, मग शहाण्णव टक्के पडणारच.

"पण कुणी लिहिलं असलं उत्तर?" भारतीनं विचारलं. "कुठल्या सिस्टरनी?"

तेरा रुग्णालयांचे तक्ते घेतले होते, रेवती म्हणाली. पण स्मृतिभ्रंश असलेल्या कर्करोग्यांचे सर्वांत जास्त, आणि एकही रकाना रिकामा नसलेले, एकाच ठिकाणचे होते.

"तुमचेच, सिस्टर. तुमच्या वॉर्डाचे. दहा वर्षांचे."

वॉर्डाबाहेरच्या बोळात एक प्रशस्तिपत्र टांगलेलं होतं, उत्कृष्ट नोंदींबद्दल. भारती रोज त्याच्याखालून ये-जा करायची.

तिनं त्या दुपारी जुने तक्ते उघडले. तारीख, वेळ, आकडा, आद्याक्षरं. भा. ऐ. दोन. भा. ऐ. दोन. भा. ऐ. दोन. शकीलाची होती, बाकीच्याही होत्या, पण भारतीला स्वतःचीच दिसत होती. बोटानं पान सरकवत गेली तरी संपेनात.

दोन का, हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती. शून्य लिहिलं तर तपासणीला येणारे विचारायचे, कर्करोगाचा रोगी आणि शून्य कसं? एक लिहिलं तरी तेच. तीन म्हणजे चारच्या शेजारी, आणि चार म्हणजे डॉक्टरांना बोलवा, अर्ज भरा, दर अर्ध्या तासानं पुन्हा तपासून पुन्हा लिहा. एका सिस्टरच्या वाट्याला सोळा रोगी असताना. दोनचा कुणालाच त्रास नव्हता. ही रीत कुणी सुरू केली ते कुणालाच ठाऊक नव्हतं. नवी मुलगी वॉर्डात आली की पहिल्याच आठवड्यात कोणीतरी तिच्या कानात सांगायचं, ज्याला बोलता येत नाही त्याला दोन घाल. भारतीनं स्वतः किती जणींना सांगितलं होतं त्याची गणती नव्हती. पाळी संपताना उभ्या उभ्या, घरी जायची पर्स खांद्याला लावून, ती सगळा रकाना भरून टाकायची. दोन, दोन, दोन, दोन.

आणि मग एका पानावर तिला कोळी आजोबा सापडले. नऊ वर्षांपूर्वीचे. ते चमच्यानं ताट वाजवायचे, तासन् तास, सगळा वॉर्ड वैतागायचा, आणि भारतीनं एकदा त्यांचा चमचा काढून घेतला होता. त्यांना जबड्याचा कर्करोग होता. तक्त्यात शेवटच्या दिवसापर्यंत दोन होतं, शेवटच्या दिवशीही, आणि पुढे भा. ऐ.

भारतीला लाज वाटली. दुसरा शब्द नाही. सबंध आठवडा ती दोनताईला शिव्या घालत होती, आणि दोनताई म्हणजे तीच होती. पेरावं तसंच उगवलं होतं, आणि उगवलं होतं नेमकं मॅडमच्या खाटेवर.

रेवतीनं शेवटी एक गोष्ट स्पष्ट सांगितली होती. बोटाच्या नखावरच्या प्रयोगानं कंपनी यंत्र थांबवणार नाही, कारण तक्त्यांप्रमाणे यंत्र बरोबर आहे. तक्ते चूक होते, असं तक्ते लिहिणाऱ्या कुणीतरी लेखी म्हटलं, तरच ती उदाहरणं काढून यंत्राला पुन्हा शिकवता येईल. आणि तसं लेखी गेलं की ते नर्सिंग परिषदेकडे जाणार, चौकशी होणार, नर्स म्हणून नोंदणी राहील की नाही ते सांगता येणार नाही. हे सांगताना त्या मुलीचा आवाज अगदी खाली गेला होता.

आपण लिहून देणार, हे भारतीनं आधी शकीलाला सांगितलं. सांगायला नको होतं असं नाही, पण जेवताना सांगायला नको होतं.

"येड लागलंय का तुला?" शकीला म्हणाली. "सगळ्यांनी लिहिलंय. सोळा-सोळा माणसं होती एकीला. तेव्हा कुठं होते हे सगळे? आता तू एकटी शहाणी होणार व्हय?"

"मी माझंच लिहिणारे. तुझं नाव घेणार नाही."

"घ्यायला कशाला पाहिजे? तक्त्यात हायच की माझं नाव, तुझ्या खालीच. रिटायर व्हायला माझे आठ महिने राहिलेत, भारती. आठ."

भारतीला खरं तर तिला समजावायचं होतं, पण ती चिडलेली होती, आणि चिडली की तिच्या तोंडून नको ते निघायचं. ती म्हणाली की मॅडमचे तर आठ आठवडेही राहिलेले नाहीत. शकीलानं डब्याचं झाकण लावलं, उठली, आणि त्यानंतर तीन दिवस तिच्याशी कामापुरतंही बोलली नाही. काही सांगायचं असलं की पाटीवर लिहून जायची. तीस वर्षांत ईदचा शीरखुर्मा आणि संक्रांतीची पोळी एकदाही चुकली नव्हती, तिथे आता पाटीवर 'खाट ७, सलाईन बदलणे'.

भारतीचं निवेदन दीड पानाचं झालं. तिनं ते तीनदा फाडलं, कारण तिन्ही वेळा त्यात सोळा रोगी, अपुऱ्या सिस्टर, अर्जांचा जाच असं सगळं येत होतं. ते खोटं नव्हतं. पण ते वाचताना तिला स्वतःलाच चमचा काढून घेतलेला हात आठवायचा. चौथ्या वेळी तिनं एवढंच लिहिलं, की ज्या रोग्यांना बोलता येत नव्हतं त्यांना मी तपासलं नाही, आणि न तपासता दोन लिहिलं.

शुक्रवारी सकाळी शिरगुप्पेंनी ते वाचलं. पुन्हा वाचलं. चष्मा काढला.

"यातल्या खऱ्या नोंदी किती, सिस्टर?"

"माहीत नाही. ते वेगळं काढता आलं असतं तर लिहिलं नसतं."

ते उठून खिडकीशी गेले. त्यांनीही त्या दहा वर्षांत रोज ते तक्ते बघितले होते, रोज त्याखाली सही केली होती आणि एकदाही विचारलं नव्हतं की हे सगळे म्हातारे एकसारखे कसे. हे त्यांच्या लक्षात आलं होतं, आणि ते भारतीच्या लक्षात आलं हेही त्यांना कळलं असावं, कारण ते पुढचं सगळं तिच्याकडे पाठ करूनच बोलले. चौघांच्या पट्ट्या आजपासून काढायच्या. यंत्र बाजूला असेल तेव्हाचा जुना नियम लागू करायचा: दोन सिस्टरनी रोग्याला स्वतः तपासून, एकमेकींना न दाखवता आकडा लिहायचा, दोन्ही चार किंवा त्याच्या वर असले तर पंप उघडायचा. निवेदन त्यांना पुढे पाठवावंच लागेल. उद्यापासून चौकशी होईपर्यंत भारतीनं कामावर यायचं नाही. आज दोन वाजेपर्यंत तिची सही चालेल.

घड्याळात बारा वाजले होते. आणि त्या पाळीला वॉर्डात दुसरी सिस्टर एकच होती.

भारती चार नंबरच्या खाटेपाशी गेली तेव्हा विनय फोन हातात धरून उभा होता. पडद्यावर रेघ तुटली होती. त्याला शिरगुप्पेंनी सगळं सांगितलं होतं. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "मी रोज झोपताना तो आकडा बघायचो, सिस्टर. बघून झोपायचो."

"मला माहीत आहे," भारती म्हणाली. "आता आईंचा हात बघा."

शकीला आली, मागोमाग शिरगुप्पेही. शकीलाच्या हातात दोन कोरे कागद होते, एक तिनं भारतीपुढे न बोलता ठेवला. मग खाटेच्या पलीकडे जाऊन उभी राहिली. वळवण्याच्या बाबतीत त्यांना बोलायची गरजही नव्हती. एकीनं खांदा, एकीनं कंबर, आणि मनातल्या मनात एक, दोन, तीन.

मॅडम वळल्या. चेहऱ्यावरची सुरकुतीसुद्धा हलली नाही. हात मात्र उठला, हवेत काहीतरी शोधत राहिला आणि या वेळी त्यानं शकीलाचं मनगट पकडलं.

शकीलाच्या तोंडून हुं असा आवाज निघाला. तिनं हात सोडवायला बघितलं आणि तो सुटेना. चौऱ्याऐंशी वर्षांच्या, चाळीस किलोच्या बाईची पकड. मॅडमची नजर छातीच्या डाव्या बाजूला गेली, ओठ हलू लागले. एक, दोन, तीन. शकीला त्या ओठांकडे बघत राहिली. तीही याच बाईच्या हाताखाली शिकली होती, तिनंही कोपरे न दुमडल्याबद्दल खाट पुन्हा घातली होती, आणि गेले सहा आठवडे ती चार नंबरकडे शक्यतो भारतीला पाठवत होती. का ते आज भारतीला कळलं.

भारतीनं स्वतःच्या कागदावर आठ लिहिलं आणि कागद उलटा ठेवला.

शकीलाचा उजवा हात मोकळा होता. कागद समोर होता, पेन होतं. तिनं काय लिहायचं ते साधंच होतं आणि भलतंच अवघड. दोन लिहिलं तर पंप बंद राहणार, तक्ते बरोबर ठरणार, भारती एकटी खोटी पडणार आणि आठ महिने सुखात जाणार. दुसरं काही लिहिलं, तर इतकी वर्षं असल्याच रोग्यांपुढे घातलेलं शकीला मुजावरचं दोन कुठून आलं, हे विचारायला कोणीतरी येणारच. तिला काही सांगणं भारतीच्या हातात नव्हतं, आणि नियमातही नव्हतं. मॅडम सत्तावीसपर्यंत पोचल्या, आकडा हरवला, पुन्हा एक म्हणाल्या.

शकीलानं लिहिलं आणि कागद सरकवला.

शिरगुप्पेंनी दोन्ही कागद उलटे केले. एकावर आठ होतं. दुसऱ्यावर नऊ होतं, आणि त्याखाली आद्याक्षरं नव्हती, पूर्ण नाव होतं.

पंप उघडल्याचा बारीकसा आवाज झाला. कातडीखालून जाणारं औषध पोचायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. तेवढा वेळ शकीला तिथेच उभी राहिली, कारण तिचा हात सोडलेला नव्हता. विनय आईच्या पायाशी बसला. भारतीनं मॅडमच्या कपाळावरचा पट्टीचा डिंक ओल्या कापसानं पुसून काढला.

साडेबाराच्या सुमारास बोटं सैल झाली. पण मनगट सोडलं नाही, नुसतं धरून ठेवलं, पूर्वी नाडी बघताना धरायच्या तसं, हलकंसं. ओठ हलत होते. सत्तावीस गेले. तीस गेले. चाळीस. मॅडम मोजत राहिल्या, छातीवर नसलेल्या घड्याळाकडे बघत, आणि मग थांबल्या.

"शहाण्णव," त्या म्हणाल्या. आवाज जुनाच होता, वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाणारा. "घाबरलीय पोरगी. लिहून घ्या."

आणि डोळे मिटले.

विनयनं हळूच विचारलं की आई झोपली का. भारतीनं हो म्हटलं. तो आईच्या उघड्या पंजाकडे बघत होता. तो पंजा उघडतो हे त्यानं बऱ्याच दिवसांत बघितलं नव्हतं, ती आवळलेली मूठ त्याला म्हातारपणच वाटली होती.

शकीलानं मोकळं झालेलं मनगट चोळलं. मग स्वतःचीच दोन बोटं त्यावर ठेवली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत उभी राहिली, पूर्ण एक मिनिट. भारती वाट बघत होती.

"किती?" शेवटी तिनंच विचारलं. तीन दिवसांनी दोघींमधला पहिला शब्द.

"शहाण्णव," शकीला म्हणाली, आणि तिला रडू फुटलं.

भारतीनं रोजचा तक्ता पुढे ओढला. चार नंबर, दुपारी बारा चाळीस. आधी तिनं शहाण्णव लिहिलं, कारण लिहून घ्या असं सांगितलं होतं. मग दुखण्याच्या रकान्यापाशी ती थांबली, पेन खाली ठेवलं, आणि पुन्हा एकदा खाटेपाशी जाऊन मॅडमचा हात बघून आली.